चालता चालता खा

“आलं बघा शेपूट. वाजवा शिट्टी.”

हे वरच्या कातळावरून ऐकू आलं. बोलणारे काका आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, बाबांच्याच कारखान्यात होते. ते बाबांशी बोलत होते, माझ्याशी नाही. पण डोंगरात वरचं बोलणं खाली स्वच्छ ऐकू येतं, हे वरच्यांच्या कधी लक्षात येत नाही. मी वळणाखाली होते. माझ्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात साडेपाच वर्षांच्या भाचीचा घामेजलेला हात. शेपूट म्हणजे आम्ही दोघी.

बाबा हसले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. कातळावर बसलेली दहा-बारा माणसं उठली. कुणी पँटची धूळ झटकली, कुणी बुटाची नाडी आवळली. आम्ही दोघी वर पोचलो तेव्हा पहिली चार-पाच माणसं पुढच्या चढाला लागलीसुद्धा होती.

“शाब्बास! आलात!” बाबा म्हणाले. “चला आता, ऊन चढायच्या आत वर पोचायचंय.”

भाची टेकायला दगड शोधत होती. बसायला म्हणून गुडघे वाकवलेच होते तिने. ती तशीच पुन्हा सरळ झाली.

दिवाळीची सुटी होती, दोन हजार सालानंतरची तिसरी किंवा चौथी. ताई सिन्नरला असते. तिची मुलगी चार दिवस आजोळी आली होती आणि आल्यापासून तिचं एकच चाललं होतं, मला खऱ्या डोंगरावर न्या. पांडवलेणी तिने पाहिली होती, पण तिथे पायऱ्या आहेत म्हणून ती तिच्या हिशेबी डोंगर नव्हती. त्यात बाबांनी तिला सांगितलं की रामशेजवर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. “दगडात पाणी? मग ते दगड पीत नाही?” असं तिने विचारलं आणि बाबा म्हणाले, “चल, स्वतःच बघ.” ताईने फोनवर मला बजावलं, “तू बरोबर असशील तरच पाठव. बाबांच्या भरवशावर नको.” म्हणून मी गेले. नाहीतर बाबांच्या ग्रुपबरोबर जाणं मी दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. महिन्यातल्या एका रविवारी कारखान्यातले आणि कॉलनीतले लोक घेऊन ते डोंगर चढायचे. याला ते ट्रेकिंग म्हणत नसत, ‘चढाई’ म्हणत. लाइन थांबता कामा नये हे त्यांचं घरीदारी एकच वाक्य होतं आणि डोंगरावरही त्यांनी तीच शिस्त आणली होती. पुढे ते स्वतः. ठरलेल्या जागी पोचलं की थांबायचं. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. शेवटचा आला की डोकी मोजायची, शिट्टी वाजवायची, निघायचं. नव्या माणसाला ते हे अभिमानाने सांगायचे, “आपल्यात कुणाला मागे टाकून जात नाहीत. शेवटच्यासाठी सगळे थांबतात.” त्यांना ते मनापासून वाटायचं. मला राग येतो तो याचाच जास्त. दुष्टपणाने केलं असतं तर मी केव्हाच ओळखलं असतं.

पायथ्याला गाडीतून उतरल्यावर त्यांनी नातीसमोर वाकून सांगितलं होतं, “दोन थांब्यांपर्यंत बघू. जमलं तर वर टाकं बघायला. नाहीतर खाली गाडीत ड्रायव्हरकाकांजवळ बसायचं. रडायचं नाही. कबूल?” ती कबूल म्हणाली. तिला काय माहीत ती कशाला कबूल होतेय.

पहिला टप्पा आम्ही दोघींनी मजेत काढला, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे त्याबद्दल कुणी एक शब्दही बोललं नाही. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि तिच्या मोज्यांत कुसळं घुसत होती. ती वाकून एकेक उपटायची आणि प्रत्येकाला “परत येऊ नको” म्हणून सांगायची. वाटेत एक नाकतोडा भेटला. तो उडाला की ती त्याच्या मागे दहा पावलं चढायची, तो बसला की तीही थांबायची. असा त्याने तिला बराच चढ चढवला. एका खडकावर सरडा डोकं वरखाली करत होता. “हा आपल्याला हो म्हणतोय,” ती म्हणाली. मी विचारलं, “कशाला हो?” तिने विचार केला. “मी विचारलं होतं मनात. तुला नाही सांगणार.” खाली शेतं होती, टोमॅटोच्या ओळी, त्यांच्या काठ्या, मधूनच झेंडूचा एखादा भगवा तुकडा. तिने एका झेंडूच्या शेताकडे बोट दाखवून सांगितलं की ते तिचं आहे, आणि मला शेजारचं कोबीचं दिलं. मी म्हटलं, मला कोबी आवडत नाही. “मग पाहुण्यांना दे,” ती म्हणाली.

ती दमली नव्हती. थांबत होती, पण दमली नव्हती. वळणाच्या आधी शेवटचा खडा चढ लागला तिथे पहिल्यांदा तिचा श्वास लागला, आणि मी म्हटलं, “ते बघ, वर सगळे बसलेत. तिथे गेल्यावर आपणही बसू, काकडी खाऊ.” त्या आशेवर ती चढली.

आणि वर गेलो तर शिट्टी.

ग्रुपमधल्या एका मावशींनी तिच्या हातात काकडीचे दोन तुकडे ठेवले. “तुमच्यासाठी ठेवले होते हो. घे बाळा, चालता चालता खा.”

मी कातळाकडे बघितलं. तिथे शेंगांच्या टरफलांचा चांगला ढीग होता. संत्र्यांच्या साली होत्या. एका जागी दगड ओला होता. कुणीतरी बूट काढून पायांवर पाणी घेतलं होतं. एवढं सगळं होऊन गेलं होतं. मी त्या मावशींना विचारलं, “तुम्हाला येऊन किती वेळ झाला?”

“झाली की वीस मिनिटं. आरामात बसलो होतो. तुमच्यासाठीच थांबलो, म्हटलं येतील हळूहळू.”

वीस मिनिटं. त्यांना वीस, आम्हाला शून्य. आणि आम्हालाच ऐकवत होते, की आमच्यासाठी थांबलो.

मी भाचीचा हात धरला आणि चालायला लागले. ती काकडी खात चालत होती, आणि खाता खाता तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटत असताना मला आठवलं, की डोंगरावरचं काही म्हणजे काही मी लहानपणी बसून खाल्लेलं नाही. भेळ चालता चालता. संत्रं चालता चालता, हात चिकट, पुसायला वेळ नाही. लाडूचा घास तोंडात तसाच कोरडा.

सात वर्षांची असल्यापासून बाबा मला नेत होते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हाच रामशेज. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. ग्रुपमध्ये मीच सगळ्यांत लहान आणि म्हणून कायम शेवटची. आई किंवा कुणी काकू माझ्याबरोबर मागे असायची. आम्ही वर पोचायचो आणि शिट्टी वाजायची. सगळे ताजेतवाने उठायचे, हसत, विनोद करत. मी धापा टाकत त्यांच्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, ही माणसं वेगळ्याच मातीची आहेत. एवढं चढूनही यांना धाप लागत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे. हे शेपूट म्हणणारे काका तेव्हाही असायचे. “काय मॅडम, इंग्लिश मिडियममध्ये लिफ्ट असते वाटतं?” ते म्हणायचे, आणि बाबा वर जोडायचे, “अगं, हा किल्ला मोगलांनासुद्धा दाद देईना, आणि तुला एक चढ झेपत नाही?” सगळे हसायचे. मी म्हणायचे, “सॉरी.” शाळेत तो शब्द दिवसातून दहादा म्हणावा लागायचा, तो तोंडात तयार असायचा. वीस मिनिटं बसलेल्या माणसांना मी, न बसलेली मुलगी, सॉरी म्हणायचे.

बाराव्या वर्षी मी अभ्यासाचं कारण सांगून जाणं बंद केलं. बाबांनी फार आग्रह केला नाही. “तिला आवड नाही डोंगराची,” ते लोकांना सांगू लागले. मग ते घरात ठरूनच गेलं, जसं कुणाला वांगं आवडत नाही हे ठरतं. मलाही ते पटलं. कॉलेजच्या बसमधून जाताना पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा, पावसाळ्यानंतर हिरवागार, आणि मी तिकडे बघत राहायचे, आणि स्वतःला सांगायचे की आपल्याला आवड नाही. दहा वर्षं.

आणि तिथे, रामशेजच्या दुसऱ्या चढावर, ठसका लागलेल्या मुलीच्या पाठीवर थापटताना मला कळलं, की मी कधीच कच्ची नव्हते. मी फक्त कधी बसले नव्हते. एवढा साधा हिशोब. शेवटी येणाऱ्याला विश्रांती मिळत नाही, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी शेवटी येतो. हे माझ्या ध्यानात यायला पंधरा वर्षं लागली. बाबांच्या तर आलंच नव्हतं, आणि ते रोज कारखान्यात दोनशे माणसांच्या चहा-जेवणाच्या सुट्ट्यांच्या वेळा सांभाळत होते.

वाटेच्या कडेला एक बाई बसली होती. पायथ्याच्या गावातली असावी. तिने गवताचा भला मोठा भारा कमरेएवढ्या उंच दगडावर टेकवला होता आणि स्वतः शेजारी पाय पसरून बसली होती. आम्हाला बघून ती हसली.

“किती वर्साची हाय?”

“सहावं चालू आहे.”

“बसू द्या की तिला जरा. लाल झाली बघा.” तेवढ्यात वरून पुन्हा शिट्टी ऐकू आली, बाबा आम्हाला हाकारत होते. बाईने वर बघितलं. “शिट्टी कोन वाजवतंय? शाळा हाय का काय वर?”

“माझे वडील आहेत.”

“मंग त्यांना सांगा, थांबा म्हनून. पळून चाल्लाय का डोंगर?” तिने भाऱ्यावर हात मारला. “मी तं दर वळणाला बसते. उंच दगुड बघायचा, त्याच्यावर भारा ठिवायचा, मंग उचलायला कोनी लागत नाय. नाय बसलं तं हा भाराच मला खाली घिऊन जाईल.”

भाचीने माझ्याकडे आशेने बघितलं. बसायला जागा होती. सावली होती. मी वर बघितलं. कड्याच्या टोकाला बाबा उभे होते, हात हलवत होते, लवकर, लवकर. आणि मी बसले नाही. बावीस वर्षांची होते मी. त्या बाईला “येतो हं” म्हटलं आणि मुलीला घेऊन पुढे निघाले. बाबांवरचा राग मी आजवर पुष्कळ लोकांना सांगितला आहे, पण या जागेवरचा राग माझा माझ्यावरचा आहे आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता.

थोडं वर गेल्यावर भाचीने हात सोडला. आता ती माझ्या मागे चालत होती आणि तिचा बूट दर पावलाला दगडाला घासत होता.

“मावशी, मी लिंबूटिंबू आहे का?”

खेळात जो लहान असतो, जो बाद झाला तरी मोजत नाहीत, त्याला आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणतात. खेळायला घेतात, पण त्याच्यावर डाव येत नाही.

“असं का विचारतेस?”

“आजोबा म्हणाले गाडीत बसवू. आणि माझे पाय आपोआपच हळू होतात. मी सांगते त्यांना, तरी होतात.” थोडं चालून ती म्हणाली, “ते सगळे दमतच नाहीत. मोठे झाल्यावर दमत नाही का?”

मी थांबले. तिच्यासमोर उकिडवी बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. तिच्या वरच्या ओठावर काकडीची बी चिकटली होती. माझे डोळे भरून आले, पण ते रडणं नव्हतं. मला दात-ओठ खावेसे वाटत होते.

“ते दमतात,” मी म्हटलं. “दमले की वर जाऊन बसतात. आपण येईपर्यंत बसून राहतात. मग त्यांचं दमणं जातं.”

तिने हे नीट ऐकून घेतलं. ती हुशार मुलगी आहे.

“मग आपण कधी बसायचं?”

बसण्यासाठी जे करायला लागणार होतं ते मी आयुष्यात केलेलं नव्हतं. मी घरातही मोठ्याने बोलायचे नाही. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, घरी पाहुण्यांसमोर मराठीत शाळेतला एखादा इंग्रजी शब्द निघेल आणि हसतील म्हणून गप्प. बाबांना उलट बोलणं तर आमच्याकडे ताईलासुद्धा जमलं नव्हतं, आणि ताई भांडखोर होती. मी तिला म्हटलं, “चल, आता थोडंच राहिलंय.” हे मी आयुष्यात बोललेल्या सगळ्यांत भेकड वाक्यांपैकी एक आहे.

दुसरा थांबा एका मोठ्या खडकाच्या सावलीत होता. सगळे ऐसपैस बसले होते. चिवड्याचा डबा फिरून रिकामा झाला होता आणि काका त्यातला शेवटचा चुरा तळहातावर घेऊन तोंडात टाकत होते. आम्ही सावलीच्या कडेशी पोचलो. बाबांनी घड्याळ बघितलं, मग नातीकडे. तिचा चेहरा खरंच लालबुंद झाला होता.

“दमली ही,” ते म्हणाले. आवाजात प्रेम होतं. “बस झालं आता. पुढचा चढ अवघड आहे. मावशीबरोबर खाली जा बाळा, ड्रायव्हरकाका गाडीत गाणी लावतील.”

“मी नाही दमले,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“कबूल केलं होतंस ना? रडायचं नाही.”

“पुढच्या दिवाळीला आणू हिला,” काकडीवाल्या मावशी समजूत घालत म्हणाल्या. “मोठी झाली की चढेल भराभर.”

“आईवर नाही, मावशीवर गेलीय,” काका म्हणाले. “ह्यांच्यात एकीला तरी डोंगराची आवड नसायचीच.”

दोघं-तिघं हसले. तेही वाईट हसले नाहीत. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, तेच तर. आणि मी बघितलं की भाची रडायची थांबली होती. ती मान खाली घालून, बुटाचं टोक मातीत फिरवत, ऐकत होती. ते ऐकून ती ते ठेवून घेत होती. मला ती मान ओळखीची होती. आणखी एका मिनिटाने ती स्वतःच म्हणाली असती, मला नाही जायचं वर. मग घरी सगळ्यांना सांगितलं गेलं असतं, तिला आवड नाही.

बाबांनी शिट्टी तोंडात धरली. लोक उठायला लागले.

मी भाचीला खांद्याला धरून त्या खडकाच्या सावलीत नेलं आणि खाली बसवलं. तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, एक बूट काढला, मग दुसरा. मग मी तिच्या शेजारी बसले. काकांची चेष्टा अर्धवट राहिली. सगळे उभे आणि आम्ही दोघी बसलेल्या, असं याआधी कधी झालं नव्हतं.

“अगं, हे काय?” बाबांनी शिट्टी तोंडातून काढली. “उठ. हिला घेऊन खाली जा म्हटलं ना? आमचा खोळंबा होतोय.”

माझा आवाज मला अनोळखी वाटला. तो वरच्या पट्टीत गेला होता, आणि मी खाली बघून नाही, त्यांच्याकडे बघून म्हणाले:

“बाबा, तुम्ही सगळे बसला होता. आम्ही सकाळपासून एकदाही बसलो नाही. आता आम्ही बसणार, आणि ही आपणहून उठेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही.”